परसातलं सिंक: आधी सांडपाण्याची वाट, मग नळ

भुईमुगाच्या ओल्या शेंगा कधी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतल्यात का? आम्ही एकदा धुतल्या. दोन घमेली शेंगा निघाल्या, आणि त्यांच्यासोबत पाईपमध्ये गेलेल्या काळ्या मातीनं अशी मांड ठोकली की प्लंबरला बोलवावं लागलं. त्याच दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फर्मान काढलं, "मातीचं धुणं मातीतच. परसात काहीतरी करा."

परसात केलं. मिस्तरी आला, एका दिवसात विटांचे दोन खांब, त्यावर कडप्पा, कडप्प्याला भोक पाडून सिंक, वर चकचकीत नळ. पाणी जाण्यासाठी खाली एक पाईप सोडला आणि तो भिंतीकडं वळवून दिला. "जिरतंय हो ताई मातीत," असं म्हणून मिस्तरी गेला. एप्रिल होता, जिरलंही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसं जिरायचं थांबलं. सिंकखाली डबकं, डबक्यावर डास, आणि ओटा एका अंगाला बोटभर कललेला. कलताना सिंकच्या भोकाजवळ, जिथं कडप्प्याची पट्टी चार इंचच उरली होती, तिथं ती तडकली.

दुसऱ्यांदा बांधलं ते उलट्या दिशेनं. पाणी शेवटी कुठं जाणार इथून सुरुवात केली आणि नळ सगळ्यात शेवटी बसवला. त्याला आता चार पावसाळे झालेत. त्याच क्रमानं सांगते.

काळी माती आणि तिचा लबाडपणा

लातूर, परभणी, नांदेड, बीड, कुठंही घर असो, परसात बहुतेक काळी मातीच असते. ही माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात आमच्या आळ्याशेजारच्या भेगेत माझा अख्खा पंजा गेला होता. या भेगा बादलीभर पाणी घटाघटा पितात, आणि आपल्याला वाटतं जमीन निचऱ्याची आहे. भेगा मिटल्या की तीच जमीन तव्यासारखी होते. पाणी वरच राहतं.

म्हणून खड्डा खणण्याआधी परीक्षा घ्या. जिथं पाणी सोडायचं ठरवलंय तिथं फूटभर रुंद, दीड-दोन फूट खोल खड्डा करा. दोन-तीन वेळा तुडुंब भरून जिरू द्या, म्हणजे भेगा मिटतील. मग पुन्हा भरा आणि काठीवर खूण करून घड्याळ लावा. तासाभरात पाणी निदान एक इंच उतरलं पाहिजे. त्याहून कमी उतरलं तर आणखी खोल जा. आमच्या भागात दोन-चार फुटांखाली बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो आणि पाणी खरं तिथं मुरतं. आमच्याकडं साडेतीन फुटांवर लागला. खाली थेट काळा पाषाणच लागला तर शोषखड्ड्याचा, म्हणजे पाणी मुरवायच्या दगडभरल्या खड्ड्याचा, नाद सोडा आणि सगळं पाणी झाडांच्या आळ्यात घ्या.

जागा निवडताना दोन अंतरं पाळा. घराच्या पायापासून दहा फूट लांब, कारण पायाजवळची काळी माती ओली-कोरडी होत राहिली की भिंतीला तडे जातात. आणि विहीर किंवा बोअर असेल तर तिथून किमान पन्नास फूट.

पाण्याला दोन वाटा

सिंकच्या पाण्याला उन्हाळ्यात झाडं हवीत आणि पावसाळ्यात खड्डा. दोन्ही करा. खर्च फार वाढत नाही.

उन्हाळ्याची वाट म्हणजे केळीचं आळं. चार फूट व्यासाचा, दीड फूट खोल गोल खड्डा घ्या. निघालेली माती कडेनं बांधासारखी लावा. खड्ड्यात तळाशी दगडगोटे, वर तुरीच्या तुऱ्हाट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, नारळाच्या शेंड्या, वाळका पाला असं सगळं भरा. बांधावर दोन केळी आणि एक पपई लावा, उतारावर अळू आणि कर्दळ. पाईपचं तोंड या पाल्याच्या खाली लपलं पाहिजे, म्हणजे उघडं पाणी कुठंच दिसत नाही आणि डासाला अंडी घालायला जागा राहत नाही. पाला कुजून दबतो, दर दोन-तीन महिन्यांनी वरून भर घालत राहायची.

कोथिंबीर, मेथी, मुळा, कच्चं खायचं काहीही या पाण्यावर घेऊ नका. साबणाचं पाणी रोज तिथं सोडू नका. साबणातला सोडा काळ्या मातीत साचला की माती चिकट होते आणि निचरा आणखी बिघडतो. आमच्या सिंकवर भाज्या, हातपाय, कुदळ-खुरपी एवढंच धुतलं जातं. खरकटी भांडी घरातच. तेल आणि शितं इथं आली की आठवड्यात वास सुटतो.

पावसाळ्याची वाट म्हणजे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली होती. त्यांच्या खड्ड्यात मधोमध भोकं पाडलेली टाकी आणि भोवती दगड असतात. तीच कल्पना लहान करून वापरायची. एका सिंकला तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा पुरतो, फक्त तळ मुरमात गेला पाहिजे. आमचा त्यामुळं चार फूट खोल झाला. तीन फुटांच्या घनात दगड भरल्यावर मधल्या पोकळीत साधारण तीनशे लिटर पाणी मावतं, म्हणजे आमच्या या सिंकचं आठवड्याचं पाणी.

तळाला डोक्याएवढे दगड, मधे नारळाएवढे, वर खडी. वाळू मुळीच नको, ती गाळानं बुजते. दगड भरतानाच मधोमध रंगाची रिकामी वीस लिटरची बादली ठेवा. तिच्या अंगाला आणि बुडाला तापलेल्या सळईनं पंचवीस-तीस भोकं पाडा, आणि पाईप हिच्यात सोडा. वर झाकण, झाकणावर जाड प्लास्टिक किंवा जुनं फ्लेक्स, आणि त्यावर सहा इंच माती. बादलीचं झाकण कुठं आहे ते लक्षात राहावं म्हणून वर एक फरशीचा तुकडा ठेवा. मी ठेवला नव्हता, आणि वर्षभरानं अर्धा परस उकरला.

गाळाची बादली

सगळ्या कामात मला आवडलेली वस्तू हीच. सिंकचा पाईप थेट जमिनीत घालायचाच नाही. सिंकखाली एक मजबूत बादली ठेवायची. तिला बुडापासून दोन-तृतीयांश उंचीवर भोक पाडून त्यात अडीच इंची पाईपचा तुकडा बसवायचा. सिंकमधून आलेलं पाणी बादलीत पडतं, माती खाली बसते, वरचं बरंचसं नितळ पाणी पाईपानं पुढं जातं. बादलीच्या तोंडावर पिठाची जुनी चाळणी ठेवली की देठं, साली, शेंगांची टरफलं तिथंच अडकतात.

सिंकच्या पाईपचं तोंड चाळणीच्या दोन इंच वर लोंबतं ठेवा. त्यामुळं पाणी तुंबलं तर लगेच डोळ्यांना दिसतं, आणि वास अडवणाऱ्या वाकड्या पाईपची, म्हणजे ट्रॅपची, भानगड राहत नाही.

भोकात पाईप बसवताना बादलीचं भोक पाईपच्या मापापेक्षा किंचित लहान पाडा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पाईपवर चढवून तो दाबून घाला. एमसील लावूनही चालतं, पण बादली वर्षातून एकदा सोडवावी लागते, तेव्हा ट्यूब बरी.

बादलीपासून पुढच्या पाईपला दहा फुटांना अडीच-तीन इंच उतार द्या. नजरेनं देऊ नका. मिस्तरीकडं पारदर्शक लेव्हल पाईप असतो, त्यात पाणी भरून दोन्ही टोकं धरली की उतार अंगठ्यानं मोजता येतो. पाईप नऊ इंच तरी खाली पुरा. उन्हात उघडा पीव्हीसी दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो, आणि वर असला तर कुदळ लागतेच.

दोन वाटांसाठी महागडा व्हॉल्व्ह लागत नाही. आळ्याकडं आणि खड्ड्याकडं जाणारे पाईप जिथं जवळ येतात तिथं विटांचं छोटं चेंबर करा. त्यात बादलीकडून येणाऱ्या पाईपच्या टोकाला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावा, पण तो चिकटवू नका, नुसता दाबून बसवा. डावीकडं फिरवला की पाणी केळीला, उजवीकडं फिरवला की खड्ड्याला. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मी एल्बो उजवीकडं करते आणि दिवाळीच्या आसपास परत डावीकडं.

ओट्याचं बांधकाम

मिस्तरी म्हणाला होता, "ताई, एवढ्याशा ओट्याला पाया कशाला?" कललेला जुना ओटा दाखवला, मग त्यानंच टिकाव उचलला.

पाया असा. ओट्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी सहा इंच जास्त घेऊन दीड फूट खोल काळी माती काढून टाका. ती परत भरायची नाही. तिथं मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर करून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. वर चार इंच काँक्रीट, एक सिमेंट, चार वाळू, आठ खडी. दुसऱ्या दिवशी वीटकाम.

आता भोक न पाडता सिंक कसं बसवायचं ते. २४ इंच लांब आणि १८ इंच रुंद स्टीलचं सिंक घ्या. आम्ही भंगारवाल्याकडून किलोवर घेतलं, पोचा काढून चकाचक झालं. विकत घेताना पालथं करून वाजवा. पत्रा फार पातळ असेल तर डब्यासारखं खणखणतं. वेस्टचं कपलिंग, म्हणजे बुडाच्या भोकातला पाईप जोडायचा तुकडा, चांगलं आहे ना तेही बघा.

नऊ इंच जाड आणि अठरा इंच लांब अशा विटांच्या दोन भिंती, दोघींमध्ये तीन फूट मोकळं. एका थरात चार विटा बसतात. दहा थर झाले की उंची बत्तीस इंचांच्या आसपास येते, वर फरशी धरून चौतीस. घरात जी जास्त वापरणार तिला आधी उभी करून बघा. हात सिंकच्या बुडाशी टेकवताना पाठीत वाकावं लागत असेल तर एक थर वाढवा. आमच्या आत्याबाई बुटक्या, मी उंच. त्यांच्या मापानं केलं आणि माझ्यासाठी सिंकमध्ये पाटा ठेवते.

विटा रात्रभर पाण्यात भिजवलेल्या हव्यात, कोरड्या विटा मसाल्यातलं पाणी ओढून घेतात. मसाला एक सिमेंटला पाच वाळू. प्रत्येक दोन-तीन थरांनंतर ओळंबा सोडा. पायातला एखाददुसरा थर आणि तुटफूट धरून सव्वाशे विटा लागतात. सिमेंट दीड पोतं लागतं, पण दोन आणावी लागतात. उरलेल्यातून चेंबरचं झाकण ओतून घेता येतं.

दोन्ही भिंतींच्या डोक्यावर पुढून आणि मागून दोन लोखंडी अँगल आडवे टाका, ३५ मिलिमीटरचे, साडेचार फूट लांबीचे. अँगलचं एक पान भिंतीवर आडवं, आतल्या बाजूला. दुसरं पान बाहेरून खाली लोंबतं. आधी पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साईडचे दोन हात. भिंतीच्या टोकांवर ते मसाल्यात पक्के बसवा.

सिंकची कड या दोन अँगलांवर आपोआप बसते. डाव्या भिंतीला खेटून सिंक ठेवा. उजवीकडं फूटभर जागा आणि भिंतीचे नऊ इंच उरतात, तिथं शहाबादी फरशीचा एकच तुकडा टाका, दीड इंच जाडीचा. डावीकडच्या भिंतीच्या डोक्यावरही एक पट्टी. फरशीला कुठंही भोक नाही, म्हणून तडकायचं कारण नाही. तुकडा बसवताना उजवीकडून थोडा उचला, सिंककडं बोटाच्या पेरभर उतार. आणि त्याची कड सिंकच्या कडेवर अर्धा इंच चढलेली ठेवा. धुतलेल्या भाजीचं पाणी मग फरशीवरून थेट सिंकमध्ये ठिबकतं. चढवली नाही तर फटीतून पायावर गळतं. कंपाउंडच्या भिंतीजवळ बांधत असाल तर मधे चार-सहा इंच मोकळी जागा सोडा.

भिंतींना बाहेरून एकास चार गिलावा. सात दिवस पाणी मारा. एप्रिल-मेमध्ये काम काढलंत तर ओली गोणपाटं गुंडाळून ठेवा, नाहीतर दुपारच्या उन्हात गिलाव्याला जाळी पडते. हे काम काढायचा खरा काळ म्हणजे दिवाळी ते संक्रांत. माती फुगलेली नसते, भेगाही पडलेल्या नसतात आणि ऊन सोसवतं.

नळ, शेवटी

गच्चीवर टाकी असेल तर खाली येणाऱ्या पाईपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारून अर्धा इंची लाईन ओढा आणि सुरुवातीलाच बॉल व्हॉल्व्ह लावा. नळाचा वायसर गेला तर अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी यांची चिकटवायची सोल्यूशन वेगळी असतात, दुकानात पाईप दाखवूनच डबी घ्या. चिकटवल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी सोडा. नळ जिथं फिरवून बसवायचा तो एल्बो पितळी आट्याचाच घ्या. प्लास्टिकचे आटे नळ आवळताना चिरतात आणि मग भिंत फोडावी लागते. टेफ्लॉन टेप आटे आपल्याकडं करून उजवीकडं फिरवत दहा-बारा वेढे.

शेतात किंवा जिथं टाकी नाही तिथं दोनशे लिटरचा ड्रम. पण ड्रमचा हिशोब समजून घ्या. पाण्याचा दाब फक्त उंचीवर असतो. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब मिळतो, म्हणजे नळाच्या चार फूट वर ठेवलेल्या ड्रममधून त्याचा दहावा-आठवा हिस्सा. अशा दाबावर फेस काढणारा जाळीचा नळ किंवा शॉवर चालत नाही. पाऊण इंची लाईन आणि पूर्ण उघडणारा साधा नळ हवा. भरलेला ड्रम दोनशे किलोंच्या वर जातो, त्यामुळं लाकडी घडवंचीवर ठेवण्याचा विचार सोडा. लोखंडी स्टँड करा आणि त्याचे पाय काँक्रीटमध्ये गाडा. ड्रमचं तोंड कापडानं बांधा आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

नळाचं तोंड सिंकच्या कडेपेक्षा वर असू द्या, आत बादली ठेवून भरता येईल एवढं. शेजारी नोझलचा एक नळ असला तर पाईप जोडून झाडांना पाणी घालता येतं.

आमच्या नळाला मी एक काम आणखी केलं. बॉल व्हॉल्व्ह अर्धाच उघडा ठेवते, त्यामुळं धार बारीक येते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदळाचं पाणी गुलाबाला अशी जी सवय लागली ती लागलीच. बारीक धारेला मुळ्याची जुडी तेवढीच स्वच्छ होते, फक्त दोन मिनिटं जास्त लागतात.

देखभाल फार नाही. बोअरचं पाणी खारं असलं की नळाच्या तोंडाशी पांढरा थर चढतो. लिंबाची पिळून उरलेली फोड रात्रभर दोऱ्यानं बांधून ठेवायची, सकाळी ब्रशनं निघतो. दुपारी पहिलं पाणी पाईपमध्ये तापून चटके देतं, ते आधी बादलीत काढायचं. लोखंडी अँगलला दर दिवाळीला रंगाचा हात. आणि दर रविवारी गाळाची बादली उपसायची. शेंगांच्या दिवसांत ती अर्धी भरते. ती माती मी वांग्याच्या वाफ्यात परत टाकते.